अजून गाड्याच खेळून रायला का बे?

तर झालं असं की, गेल्या उन्हाळ्यात सुट्टी टाकून अमरावतीला घरी गेलो होतो आणि अकोल्याचे मामा एक स्थळ घेऊन आले. मुलीकडची मंडळी घर पाहायला येणार होती. आईने पडदे बदलले, बाबांनी वर्षभर ठिबकणारा बाहेरचा नळ एका दिवसात दुरुस्त करून घेतला, आणि मामा हॉलभर एक चक्कर मारून शोकेससमोर येऊन थांबले. वरच्या कप्प्यात आईचा काचेचा सेट, मधल्या कप्प्यात माझी दहावीची ढाल आणि खालच्या कप्प्यात अकरा गाड्या.

"अजून गाड्याच खेळून रायला का बे तू?"

"खेळत नाही मामा, बनवतो."

"तेच थे. पाहुणे येऊन रायले ना बाप्पा! इंजिनीअर पोरगा हाय म्हनून सांगितलं म्या त्यायले. पहिले या उचलून आत ठेव."

अकराच्या अकरा गाड्या दिवाणात गेल्या, दोन गाद्यांच्या मधे. पाहुणे गेल्यावर काढल्या तर एकीचा डावा आरसा गायब. आरसा म्हणजे किती, तर तुरीच्या दाण्याएवढा. दोन तास गाद्या झटकत बसलो. (स्थळाचं काय झालं हा या लेखाचा विषय नाही. पुढे जाऊ.)

मला राग आला तो "खेळून रायला" या शब्दाचा. आणि मामा एकटे नाहीत. ऑफिसात टीम लीडपासून ते कुरियरवाल्यापर्यंत सगळ्यांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या सुरात विचारलाय. कुणी कौतुकाने, कुणी काळजीने. म्हटलं या शनिवारी एकदाचं लिहूनच टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. स्केल मॉडेल किट म्हणजे एक खोका. त्यात प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शंभर-दीडशे सुटे भाग, रबरी टायर, पाण्यात भिजवून चिकटवायचे स्टिकर आणि एक सूचनापत्रक. भाग कापायचे, घासायचे, जोडायचे, पुट्टी भरायची, पुन्हा घासायचे, प्रायमर मारायचा, रंगवायचे. मी १/२४ या मापात काम करतो. म्हणजे खऱ्या गाडीचे २४ मिलीमीटर माझ्याकडे एक मिलीमीटर. अँबेसिडरच्या पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर २४६४ मिलीमीटर होतं, ते माझ्या टेबलावर १०२.७ होईल. इथपर्यंत सोपं आहे, कॅल्क्युलेटर आहे. खरी मजा पुढे. खऱ्या गाडीत दरवाजा आणि बॉडीच्या मधे जी चीर असते ती साधारण पाच मिलीमीटर धरा. २४ ने भागा. ०.२ मिलीमीटर. रंगाचे दोन हात जाड बसले की ती चीर बुजते आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. शोरूममधली गाडी आणि साबण यांच्यातला फरक ०.२ मिलीमीटरचा आहे. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

कॉलेजचा विषय निघालाच आहे तर तो आधी उरकतो, कारण "त्याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला तो इंजिनीअर लोकांनीच.

आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉईंग असतं. ज्यांनी हॉस्टेलवर दिवस काढले त्यांना जीटी म्हणजे काय हे सांगायला नको. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच, खाली ट्यूबलाईट, काचेवर टॉपरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. ग्लास ट्रेसिंग! सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या विंगमधे एकच शीट फिरायची आणि सकाळी साठ जणांच्या शीटवर एकाच ठिकाणी एकच चूक असायची. वर्कशॉपमधे फिटिंगचा जॉब असायचा. लोखंडाच्या दोन पट्ट्या कानशीने घासून एकात एक बसवायच्या. मी तो घासला नाही. दीडशे रुपयांत विकत घेतला. जुना जॉब, वरचा आधीचा रोल नंबर घासून काढलेला, त्यावर माझा ठोकलेला. पंचवीसपैकी एकवीस मार्क मिळाले. ज्याने खरंच घासला होता त्याला सतरा, कारण त्याच्या जोडात फट होती.

मी इंजिनीअर आहे. डिग्री आहे, फोटोही आहे कॉन्व्होकेशनचा. आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मी हाताने एकही वस्तू बनवली नव्हती जी दुसऱ्या वस्तूत नीट बसेल. पहिली किट घेतली तेव्हा कानस कशी धरतात हे मी यूट्यूबवर पाहिलं. लाज वाटली, पण एवढी नाही वाटली जेवढी वाटायला हवी होती. ती पुढे वाटली. सांगतो.

पहिली किट अर्थातच बिघडली. खिडक्यांच्या काचा फेविक्विकने चिकटवल्या. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढुरका थर झाला, जणू गाडीच्या आत कुणी विडी ओढतंय. मग ते पुसायला बहिणीचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं. त्यात अ‍ॅसिटोन, आणि किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. काच बोटाला चिकटून लांब झाली, तारेसारखी. रसायनशास्त्रात मला चांगले मार्क होते बरं का.

दुसरी किट घेण्याऐवजी मी एक जुनी, कुणीतरी बनवून टाकून दिलेली गाडी घेतली. पुण्यात एका घराच्या माळ्यावरून निघालेली, टामिया कंपनीची १/२४ ची पोर्शे ९११, लाल ऑइलपेंटने ब्रश मारून रंगवलेली. रंग एवढा जाड की दरवाजाची चीर शोधावी लागली. छतावर रंग ओला असताना उमटलेला एक अंगठा, लहान मुलाचा. ती गाडी मी दोन आठवडे नुसती पाहत होतो. मग डेटॉलात बुडवली.

हो, डेटॉल. जखमेवर लावायचं तेच. झाकणाच्या डब्यात गाडी बुडेल एवढं ओतायचं, एक-दोन दिवस ठेवायचं, मग जुन्या टूथब्रशने घासायचं, रंग सायीसारखा निघून येतो आणि प्लास्टिकला काही होत नाही. फक्त लगेच पाण्याखाली धरायची नाही. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा आणि डेटॉलचा चिकट लगदा होतो आणि तो पुन्हा गाडीवरच बसतो. आधी ताज्या डेटॉलनेच धुवायची, मग भांडी घासायचा साबण, मग पाणी. काही लोक ब्रेक ऑइल वापरतात. तेही चालतं, पण हाताची कातडी जाते. आई म्हणाली घराला दवाखान्याचा वास येतोय. शेजारच्या काकू तब्येत विचारून गेल्या.

रंग निघाल्यावर खाली काय दिसलं? ज्याने कुणी ती बनवली होती त्याने दरवाजाच्या खालची साच्याची रेघ घासून काढली होती. बारीक, सरळ, पेपरचा ओरखडाही न ठेवता. म्हणजे त्याला काम येत होतं. रंगात घाई झाली, किंवा घरातल्या लहानग्याने मधेच हात घातला, किंवा त्यालाही कुणीतरी विचारलं असेल, अजून गाड्याच खेळतोस का म्हणून. जुनं काम उकलताना आधीचा माणूस असा भेटतो. ज्यांनी दहा वर्षं जुना कोड उघडलाय आणि त्यात एखादी सुंदर फंक्शन सापडलीये त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

आता रंगाचं. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात रंगकाम करणं म्हणजे वेडेपणा. चव्वेचाळीस डिग्रीला स्प्रेतून निघालेला थेंब गाडीपर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि गाडीवर रंगाऐवजी धूळ बसते. हात फिरवला तर वॉटर पेपरच. म्हणून कूलर लावावा, तर कूलर खोलीत दमट हवा सोडतो आणि लॅकर दह्यासारखा पांढरा फुटतो. शेवटी पहाटे साडेपाचला गच्चीवर रंग मारायचा, वारा सुटायच्या आत, कावळे उठायच्या सुमारास. हे ज्ञान कुठल्याही जपानी सूचनापत्रकात नाही. ते मला बडनेरा रोडवरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रीने दिलं.

या मिस्त्रीबद्दल लिहायचंय म्हणूनच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

मी त्यांच्याकडे थोडी पुट्टी आणि थिनर मागायला गेलो होतो. खिशातून प्लास्टिकची गाडी काढली. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. हात पुसले, गाडी घेतली, उन्हात गेले, तिरपी धरली. नखाने बोनेटच्या कडेवरून एक रेघ ओढली आणि म्हणाले, "भाऊ, घाई केली तुमी. इथं पुट्टी बसली नाई. वाळू न देता घासली." मग म्हणाले, "कितीचा पेपर मारला?" म्हटलं, चारशे. "चारशेनं काय पत्रा घासून रायले का? आठशे घ्या, मग हजार. पान्यात." बास. त्यांना बाकी काही विचारायचंच नव्हतं. गाडी खरी आहे की खोटी, केवढ्याची आहे, उपयोग काय, वय काय तुमचं, लग्न झालं का. काही नाही. त्यांच्यासमोर एक पृष्ठभाग होता आणि तो नीट नव्हता.

त्यानंतर मी सुट्टीला गेलो की त्यांच्याकडे जातो. ते रंग डोळ्याने जुळवतात. टिनाच्या तुकड्यावर एक फराटा मारायचा, वाळू द्यायचा, गाडीला टेकवून आधी सावलीत पाहायचा, मग उन्हात. "उन्हात जुळला अन् सावलीत नाई जुळला त त्यात पिवळा कमी हाय." मी ऑफिसात मॉनिटर कॅलिब्रेट करतो, माझ्याकडे रंगांचे सहा अंकी कोड आहेत, आणि मला पिवळा कमी आहे हे दिसत नाही. त्यांना दिसतं.

आणि तिथे उभं असताना एके दिवशी मला ती लाज वाटली. कारण माझ्या लक्षात आलं की पाच वर्षांपूर्वी मी या माणसाला "ए मिस्त्री" म्हणून हाक मारली असती. आमच्या घरी मार्क कमी पडले की एकच वाक्य असायचं: "गॅरेजवर लागाचं हाय का तुले?" गॅरेज ही शिक्षा होती. कानस ही शिक्षा होती. मी दीडशे रुपये देऊन कानशीपासून सुटका करून घेतली आणि व्यवस्थेने मला एकवीस मार्क दिले. आता शनिवारी मी पदरचे पैसे घालून तेच काम करतो तर मामांना ते खेळणं वाटतं. मामांचं चुकत नाही. मोठ्या माणसाने हाताने काम करायचं तर ते पोटासाठी, नाहीतर मग ते पोरखेळ. आपल्याकडे तिसरा खण नाही.

पण खरंच नाही? की होता आणि आपण विसरलो?

मामा, तान्हा पोळा आठवतो का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात पोरं लाकडाचा नंदी घेऊन निघतात. चार चाकांवरचा बैल, सुताराने घडवलेला, झूल, घुंगरमाळ, बाशिंग, सगळं खऱ्या बैलासारखं पण मापात. घरोघर ओढत न्यायचा, बोजारा मिळवायचा. आणि नंदी काय फक्त पोरांचे असतात? पुरुषभर उंचीचे नंदी मोठी माणसं ढकलत आणतात, स्पर्धा होतात, परीक्षक नंदीच्या डोळ्यापासून खुरापर्यंत पाहतात, बक्षिसं वाटतात. ते काय आहे मग? स्केल मॉडेल आहे! शेतातल्या ज्या जनावरावर घर चालायचं त्याची घरात बनवलेली प्रतिकृती. घरातलं दुसरं पोट भरणारं यंत्र आता गाडी आहे, मी तिची बनवतो. नंदीला कुणी म्हणत नाही, अजून बैलच खेळून रायला का बे.

गावाकडे पोरं चपलेच्या तळव्याची चाकं कापून तारेची गाडी करायची, लांब तारेचं स्टेअरिंग, धावत धावत चालवायची. माझ्या बाबांनी केलीये. आणि महाराष्ट्रभर एसटीच्या बस पुठ्ठ्यातून आणि सनबोर्डातून बनवणारी पोरं आहेत, त्यांना तर मी मानतो. माझ्याकडे जपानहून कापून आलेले भाग असतात. त्यांच्याकडे लग्नपत्रिकेचा जाड कागद आणि कटर. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, आणि पुढे गाड्यांच्या बॉडी दापोडी, चिकलठाणा आणि आमच्या नागपूरजवळ हिंगण्याच्या कार्यशाळांमधे बांधल्या गेल्या. ही पोरं खिडक्यांच्या मधल्या पट्टीवरून आणि मागच्या शिडीवरून गाडी कुठली हे सांगतात. जुनी अ‍ॅल्युमिनियमची की नंतरची लोखंडी, हे त्यांच्या पुठ्ठ्यातही कळतं. डेपोत उभं राहून, टेपने मोजून, वहीत आकडे लिहून आणतात. याला इंग्रजीत रिव्हर्स इंजिनीअरिंग म्हणतात आणि त्याचे आमच्या कंपनीत तासाप्रमाणे पैसे लावतात.

"हे परदेशी फॅड आहे" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर संपलं.

तरी परदेशाकडे एकदा पाहूच. एअरफिक्स ही इंग्लंडची कंपनी, आधी रबरी खेळणी आणि कंगवे करायची. १९४९ साली त्यांनी पहिली गाडी केली ती कुठली? फरारी नाही, जग्वार नाही. फर्ग्युसनचा ट्रॅक्टर! ट्रॅक्टर विकणाऱ्या माणसांना गिऱ्हाइकाला दाखवायला हवा होता म्हणून. म्हणजे या अख्ख्या धंद्याच्या मुळाशी आपल्या शेताच्या बांधावर उभी राहणारी वस्तू आहे. टामिया १९४६ साली जपानमधे शिझुओकाला लाकडाचा कारखाना म्हणून सुरू झाली, प्लास्टिकची पहिली किट १९६० साली. त्यांचे शुन्साकू टामिया (२०२५ च्या जुलैमधे वारले, नव्वद वर्षांचे होते) यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. पोर्शेची मोठी किट करायची होती, फोटो काढून समाधान होईना, म्हणून त्यांनी चक्क खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि कंपनीत सुटी सुटी करून टाकली. नंतर जोडता येईना, मग पोर्शेच्या लोकांना बोलवावं लागलं. याला मामा काय म्हणतील माहितीये मला.

आता सरकार. सीमाशुल्काच्या तक्त्यात एक शीर्षक आहे, ९५०३. त्यात तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांच्या गाड्या, कोडी, आणि याच ओळीत "लहान मापाच्या प्रतिकृती". हा तक्ता जगभर सारखाच आहे, त्यामुळे वर्गवारीचा दोष आपल्याला देत नाही. पण दर आपला आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मधे २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मधे ७० वर. हजाराच्या किटवर सातशे शुल्क, झाले सतराशे, जीएसटी आणि कुरियर वेगळं. उद्देश देशी खेळणी उद्योग वाचवायचा, तो मला मान्य आहे. माझा मुद्दा एवढाच आहे की या किटची देशी पर्यायी वस्तू दुकानात मिळत नाही, तर नेमकं कोण वाचतंय? गंमत पुढे आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. त्या आदेशात खेळणं म्हणजे काय, तर चौदा वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली वस्तू. युरोपच्या २००९ च्या खेळणी सुरक्षा कायद्यात तर स्पष्ट यादीच आहे की काय खेळणं धरायचं नाही, आणि तीत चौदा वर्षांवरच्या संग्राहकांसाठी म्हणून छापलेली हुबेहूब प्रतिकृती आणि ती जोडायची किट, दोन्ही आहेत. म्हणजे ब्रसेल्सच्या बाबूला फरक कळला. आमच्या मामांना नाही कळला, आणि पैसे भरताना आमच्या कस्टमलाही नाही.

इथपर्यंत आमच्या गटातली मंडळी टाळ्या वाजवत असतील. थांबा. आता तुमचा नंबर.

गेल्या काही वर्षांत शहरातल्या मॉलमधे काय चाललंय ते पाहिलंय ना? हॉट व्हील्सचा नवा खोका आला की सकाळी दुकान उघडायच्या आधी तिशीतले दाढीवाले बाप्ये रांगेत. हव्या त्या पाच उचलायच्या, आईचं बोट धरून आलेल्या पोराला उरलेल्या द्यायच्या, आणि संध्याकाळी त्याच गाड्या चौपट किमतीला विकायला काढायच्या. प्लास्टिकचं कव्हर फाडायचं नाही. फाडलं तर "व्हॅल्यू" जाते! १९६८ साली ही गाडी बाजारात आली ती केशरी पट्टीवरून सुसाट सोडायला. तिच्या चाकांची सगळी करामत ती पळावी म्हणून. आणि तुम्ही ती भिंतीवर खिळ्याला टांगता. ती गाडी नाहीये मित्रांनो, तो गाडीच्या आकाराचा शेअर आहे. किटवाले यात मागे नाहीत. माझ्या ओळखीत एकाकडे सत्तरच्या वर बंद खोके आहेत आणि पूर्ण केलेली गाडी एक, तीही २०१६ ची. रंग सुकायला जागा नाही म्हणतो. जागा खोक्यांनी खाल्ली.

मामांना मी दोष देतो, पण मामांनी जर हे लोक पाहिले असतील तर "खेळून रायला" हा शब्दसुद्धा त्यांनी सभ्यपणेच वापरला. कारण पोरगं निदान खेळतं तरी. हे खेळतही नाहीत आणि बनवतही नाहीत. "आम्ही जतन करतो" असं एक उत्तर येतं, त्यात अर्धं तथ्य आहे. कुणीतरी बंद खोका ठेवला म्हणून पन्नास वर्षांनी मूळ गाडी कशी होती ते कळतं. पण त्यासाठी एक माणूस पुरे. चाळीस जणांनी एकच गाडी जतन केली की त्याला साठेबाजी म्हणतात, तुरीच्या डाळीला म्हणतात तशी.

आणि एक शब्द आपल्या लाडक्या जुगाडाबद्दल. मी वऱ्हाडी आहे, इकडे सलाईनच्या नळीने पेट्रोल काढतात आणि सायकलच्या ट्यूबने पाइप बांधतात, त्याचा मला अभिमान होता. आता तेवढा नाही. मिस्त्रीच्या दुकानात मी एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी हेडलाईटच्या जागी औषधाच्या पाकिटाची चांदी लावलीये. त्यांनी पाहिलं. "जमलं," म्हणाले, "पन वाकडी हाय." कल्पना माझी होती, वाकडी पण मीच लावली होती, आणि जुगाड म्हटलं की वाकडेपणाला माफी असते असं मी धरून चाललो होतो. ते धरत नाहीत. ती चांदी मी चार वेळा काढून लावली. पाचव्यांदा आधी कागदावर गोल काढून, कापून, मग बसवली. तेव्हा त्यांनी काहीच म्हटलं नाही, गाडी परत दिली आणि चहा सांगितला.

विरोधातले मुद्दे आहेत, ते लपवत नाही. थिनरचा वास वाईट, खिडकी उघडी हवी, मास्क हवा, मी पहिलं वर्ष काहीच वापरलं नाही आणि डोकं दुखायचं ते ऑफिसमुळे असं समजत होतो. पैसा लागतो. प्लास्टिकचा कचरा होतो. आणि कधी कधी मी या टेबलावर घरच्या फोनपासून, लग्नाच्या प्रश्नापासून लपायला बसतो, हेही खरं. आईने एकदा विचारलं, "तासभर तू तिथं बसतो, काय विचार करतो?" म्हटलं, काहीच नाही, दरवाजाची चीर पाहतो. ती म्हणाली, मी भाजी निवडताना तसंच होतं. घरात पहिल्यांदा कुणीतरी बरोबर बोललं.

पण "उपयोग काय" हे मला त्यांनी विचारू नये जे शनिवार-रविवार मिळून दहा तास आयपीएल पाहतात, आणि त्यांनी तर मुळीच नाही ज्यांनी सात वर्षांच्या हप्त्यांवर भली मोठी एसयूव्ही घेऊन सोसायटीत झाकून ठेवलीये. तीही शोकेसमधलीच गाडी झाली की. फक्त १/१ मापाची, आणि तिचा आरसा तुटला तर त्यांना तो लावता येत नाही.

माझा लावता आला. दिवाणातून गादीच्या शिवणीत सापडला, बुंधा तुटलेला होता. सुईएवढं भोक पाडून त्यात तांब्याची तार घातली, दुसरं टोक दरवाजात. आता ओढला तरी निघत नाही.

पुढचं काम अँबेसिडरचं आहे. १९५८ ते २०१४ एवढी वर्षं ती बनली. मामांकडे पांढरी होती, अकोला ते शेगाव आम्ही आठ-आठ जण तिच्यात बसून गेलोय, मागच्या काचेजवळ मी आणि डब्यांची पिशवी. २०११ ला भंगारात गेली. त्या वेळी मामा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते असं मामी सांगते. मामा नाही म्हणतात. किट नाही, म्हणून प्लास्टिकच्या शीटमधूनच कापून करतोय. मापं हवीत म्हणून मामांना फोन केला, मागचा बंपर जमिनीपासून किती उंच होता आठवतं का. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माह्या घुडग्याच्या खाली लागे. पन थे स्प्रिंगा बसल्या होत्या ना मांगच्या, ते धरू नको." आणि लगेच, "तुले काही दुसरे काम नाई का बे?"

बोनेटच्या गोलाईवर पुट्टी दोनदा फुटली. मिस्त्रींना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता, उत्तर आलं, "जाड झाली. काडा." सध्या बॉडी तिसऱ्यांदा डेटॉलात आहे.